मेदिनीच्या गोळ्या

नीरकोडल, ता. शिरसी
१९ एप्रिल २०२०

नागवेणी अत्ते,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे ठीक आहेत, म्हणजे कुणाला ताप नाही. हल्ली ठीक म्हणजे तेवढंच.

फोन का केला नाही म्हणशील. आमच्याकडे सिग्नल फक्त मागच्या टेकाडावर, फणसाखाली. पूर्वी तिथं कुणी फिरकत नसे, आता बाजार भरतो. आपल्या धाकट्या सुमुखचा क्लास, भटांच्या दोन मुली, बेंगळुरूहून परतलेला त्यांचा जावई लॅपटॉप घेऊन, आणि सुपारीचा भाव विचारायला आलेले अप्पय्या. तुला सांगायचंय ते मी तिथून सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत शिरसीत सगळ्यांना कळलं असतं. पोस्टमन गणपती आठवड्यातून दोनदा येतो, तोच बरा.

अत्ते, मी जानेवारीपासून मनाच्या डॉक्टरांची गोळी घेते. म्हैसूरला. गेल्या दिवाळीनंतर मी दीड महिना कॉलेजला गेलेच नव्हते, खोलीतच पडून होते. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असं पडून राहून चालतं का, तूच सांग. रूममेट हाताला धरून डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेली. त्यांनी पन्नास मिलिग्रॅमची गोळी दिली, रोज एक. महिनाभरानं मला आंघोळ करावीशी वाटायला लागली. हसू नकोस, तेव्हा ती मोठी गोष्ट होती.

मार्चमध्ये हॉस्टेल एका दिवसात रिकामं करायला लावलं. मी दोन आठवड्यांच्या गोळ्या घेऊन घरी आले. त्या सहा एप्रिलला संपल्या. तेव्हापासून मान वळवली की डोक्यात वीज सळसळल्यासारखं होतं, चक्कर येते, आईनं भांडं आपटलं तरी रडू येतं. आई म्हणते, उन्हाळा बाधला, ताक पी. दिवसाला सहा भांडी ताक पितेय मी.

शिरसीत मेडिकल आहे, पण ते सदानंदमामांचं. मी दुकानाची पायरी उतरायच्या आत ते अप्पय्यांना फोन लावतील. आणि तुझ्या भावाचं, अप्पय्यांचं, तुला माहीत आहे. ‘मनाचा आजार’ म्हटलं की ते लग्नाच्या बाजारापासून सुरुवात करतात.

तू वीस वर्षं मेडिकलमध्ये आहेस. मॅडमची चिठ्ठी सोबत जोडलीय. पाठवशील का? कुणाला सांगू नकोस.

तुझी मेदिनी


हुबळी
२८ एप्रिल

मेदिनी,

आशीर्वाद शेवटी. आधी बोलणी खा.

अडीच तासांच्या वाटेला तुझ्या पत्रानं नऊ दिवस घेतले. म्हणजे तुझी गोळी बंद होऊन तीन आठवडे झाले. आपल्या मनानं ही औषधं अशी धाडकन सोडायची नसतात, हे तुझ्या मॅडमनी सांगितलं असेलच. तू ऐकलं नसशील. आमच्या खानदानात ऐकण्याची पद्धतच नाही. आणि ताक कसलं पितेस? ताकानं होणार असतं, तर मी डी.फार्म. कशाला केलं असतं?

इथं दुकानात काय चाललंय ते ऐक. काउंटरसमोर खडूनं गोल आखलेत. त्या गोलांत पूर्वी म्हातारी माणसं उभी राहायची, बीपीची, साखरेची. आता तुझ्या वयाची पोरं असतात. एक जण मोबाईलवर चिठ्ठीचा फोटो दाखवतो, तारीख दोन वर्षांपूर्वीची, नाव त्याच्या मामाचं. एक मुलगी रोज येऊन विचारते, स्टॉक आला का. डॉक्टरांचे दवाखाने बंद, कंपनीची गाडी कधी येईल सांगता येत नाही. काल एका बाईनं माझ्याकडे मागितलं, ‘मुलगा क्लासला एका जागी बसेल असं काहीतरी द्या.’ मी म्हटलं, ‘दोरीनं बांधा त्याला.’ कामतमालक माझ्यावर डाफरले.

तर मुद्दा. तुझी चिठ्ठी फेब्रुवारीची आहे. नियमानं मला नवी लागते. डॉक्टर आता फोनवरून तपासतात आणि चिठ्ठी मोबाईलवर पाठवतात, सरकारनंच परवानगी दिलीय. तू त्या टेकाडावर जाऊन मॅडमना फोन कर. भटांच्या जावयाला उठव तिथून.

तोपर्यंत म्हणून साठ पाठवतेय. तीसच पाठवणार होते, पण पोस्टाचा हा कारभार बघता पुन्हा पुन्हा डोक्याला ताप नको. रोज एक. नाश्ता झाल्यावर. मला उत्तर पाठव.

आणि सुब्रायण्णाला सांग. माझा भाऊ बोलतो वाईट, पण माणूस वाईट नाही. सांगणार नाहीस, माहीत आहे.

आशीर्वाद.
नागवेणी


नीरकोडल
१२ जून

अत्ते,

पार्सल नऊ मेला मिळालं. गणपतीनं ‘काय ग, बांगड्या का?’ विचारलं, मी हो म्हटलं. पाठवल्याबद्दल काय म्हणू? डोक्यातली वीज आठवड्यात थांबली. दोन आठवड्यांनी मी पहिल्यांदा आईशी भांडले नाही. उत्तर उशिरा लिहितेय, रागावू नकोस.

मॅडमचा फोन लागत नाही. खरंच. दोनदा लावला.

सुमुखचं काय सांगू? तुला आठवतो तो सुमुख राहिलाच नाही. बारावीचा एक पेपर राहिलाय, तो आज होणार, उद्या होणार करत करत आता अठरा तारखेला आहे. मग सीईटी, ती कधी ते देवालाच ठाऊक. मार्चपासून तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. जेवायला चार हाका. क्लासला टेकाडावर जातो म्हणायचा आणि फणसाखाली डोळे मिटून बसायचा, फोन मांडीवर बडबडत असायचा. अप्पय्या म्हणतात, ‘आळस. आम्ही या वयात दोनशे झाडांची सुपारी सोलायचो.’ आईनं दृष्ट काढली. पण आता बराच सुधारलाय हं. काल स्वतःहून दोसे मागितले.

एक विनंती आहे. पाण्याची ओल लागून माझ्या काही गोळ्या खराब झाल्या. अजून तीस पाठवशील?

मेदिनी


हुबळी
१८ जून

मेदिनी,

मला पुन्हा एकदा सांग. गोळ्या भिजल्या?

त्या गोळ्या ॲल्युमिनियमच्या पाकिटात एकेक बंद असतात. त्या पाकिटासकट विहिरीत टाकल्यास तरी भिजणार नाहीत. वीस वर्षं मी हेच विकते, मला शिकवतेस? नऊ मेपासून बारा जूनपर्यंत पस्तीस दिवस होतात. पंचवीस गोळ्या तुझ्या डब्यात असायला हव्यात. नाहीत, म्हणजे तू दोन-दोन घेतेस. पोरी, जास्त घेतल्यानं लवकर बरं वाटत नाही. हात थरथरतात, झोप उडते, पोट बिघडतं. कुणी सांगितलं तुला दोन घ्यायला? मोबाईलनं?

मला तुझा राग आलाय आणि तो राग मी दिवसभर गिऱ्हाइकांवर काढतेय, तेही बिचारे मास्कमधून ऐकून घेतात.

दहा पाठवतेय. दहाच. रोज एक. या दहा दिवसांत मॅडमशी बोल. नवी चिठ्ठी नाही तर अकरावी गोळी नाही. मीही माझ्या बापाची मुलगी आहे.

सुमुख जेवायला लागला हे वाचून बरं वाटलं. घरात एक तरी सरळ आहे.

नागवेणी


नीरकोडल
३० जून

अत्ते,

दहा मिळाल्या. मी दोन-दोन घेत नाही. शपथ. तू आधी ओरडतेस आणि मग विचारतेस, त्याचा कंटाळा येतो.

मॅडमशी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, आहे तेच चालू ठेव.

सुमुखचा पेपर छान गेला. आता तर तो थांबतच नाही. पहाटे चारला उठून गोठा झाडून काढतो, आईला भाकरी थापू देत नाही, स्वतः थापतो. सगळ्या नकाशांच्या आकाराच्या होतात. अप्पय्यांना म्हणाला, ‘सुपारीवर औषध मारायला माणसं कशाला चढवता? मी यंत्र बनवतो, उडणारं. म्हैस विका, भांडवल होईल.’ अप्पय्या चार महिन्यांनी हसले. जेवताना म्हणाले, ‘बघ, कामाला लागला की सगळं बरं होतं. गोळ्या-बिळ्या शहरातल्या लोकांना लागतात.’ मी पानातली कोशिंबीर बघत बसले.

मी बरी आहे. जरा चक्कर येते, पण पावसाळी हवा आहे.

मेदिनी


हुबळी
६ जुलै

मेदिनी,

बोलणं झालं म्हणतेस, मग चिठ्ठी कुठाय? डॉक्टर चिठ्ठी न देता नुसतं ‘चालू ठेव’ म्हणून फोन ठेवत नाहीत.

आणि चक्कर कसली? गोळी चालू असेल तर चक्कर यायचं कारण नाही. बंद असेल तर आहे. आधी तुझ्याकडच्या गोळ्या लवकर संपल्या, आता लक्षणं मात्र बंद केल्याची. मला काही मेळ लागत नाही. तू घेत नाहीस तर त्या जातात कुठं? ओढ्यात टाकतेस का?

तीन दिवस झाले, तुमच्या घरचा नंबर लावतेय. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर.’ सुब्रायण्णाला सांग टेकाडावर येऊन मला फोन करायला. तू नाही सांगितलंस तर मी पास काढून औषधांच्या गाडीत बसून येईन आणि तुझ्या आईसमोर डबा उघडून मोजेन.

पहाटे चारला उठून गोठा झाडणारा सतरा वर्षांचा मुलगा मी माझ्या जन्मात पाहिला नाही. रात्री झोपतो का तो?

नागवेणी


नीरकोडल
९ जुलै

अत्ते,

हे पत्र अप्पय्यांच्या हातून तुला मिळेल. त्यात काय आहे हे त्यांना माहीत नाही. लगेच वाच आणि आधी डॉक्टरांना सांग.

सुमुख सुपारीच्या झाडावरून पडला. पाय मोडलाय, बरगड्याही लागल्यात. शिरसीत म्हणाले, हुबळीला न्या. दुधाची गाडी मिळालीय. सोबत एकाच माणसाला येऊ देतात म्हणून मी येत नाही.

तो चार दिवस झोपलेला नाही. मी माझ्या गोळ्या त्याला देत होते. तीस मेपासून रोज एक. तू पाठवलेल्या दहाही त्यालाच दिल्या, मी पंधरा जूननंतर एकही घेतलेली नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा ना, तसंच मी म्हैसूरला पडले होते. मला वाटलं, तोच आजार, तेच औषध. त्याला बरं वाटायला लागलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी पुढं काही बघितलंच नाही. तीस जूनला शेवटची दिली. पण तो उतरेचना.

आज औषध मारायला आमचा झाडावर चढणारा गडी मंजा चढला होता. सुमुख म्हणाला, ‘हे तर मलाही येतं.’ कुणी अडवायच्या आत वर. तिथून शेंडा झुलवून दुसऱ्या झाडावर, मग तिसऱ्या. मंजासारखीच उडी. अप्पय्या खालून ओरडत होते, ‘उतर गाढवा!’ तो हसत होता. म्हणाला, ‘अप्पय्या, सगळं दिसतंय इथून!’ चौथ्या झाडाचा शेंडा ओला होता.

माझं नाव सांग त्यांना. लपवू नकोस.

मेदिनी


हुबळी
१६ जुलै

चि. मेदिनी,

सुमुखच्या जिवाला धोका नाही. हे पहिल्या ओळीत लिहिलं, आता बाकीचं वाच.

डाव्या पायात सळी घातली. दोन बरगड्यांना तडे आहेत, त्या आपोआप जुळतील. झाडाखालच्या पाटात पानांचा कुजका ढीग होता म्हणून वाचला. नुसती जमीन असती तर मी आज हे लिहीत नसते.

हॉस्पिटलच्या फाटकावर आधी सगळ्यांची नाकं तपासली, अहवाल येईपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. सुमुख स्ट्रेचरवर, पाय बांधलेला, आणि तोंड चालू. वॉर्डबॉयला यंत्राचा नकाशा समजावून सांगत होता, पाय मोडल्याचं त्याच्या गावीच नव्हतं. शिरसीहून फोन करून सुब्रायण्णानंच मला बोलावलं होतं, तरी मास्कमध्ये त्यानं मला ओळखलं नाही. मग ओळखलं तेव्हा खिशातून तुझं पाकीट काढून दिलं. ‘मेदिनीनं दिलंय. साडीबिडीचं असेल.’

मी उभ्याउभ्या वाचलं. त्यानं विचारलं, ‘काय लिहिलंय?’ मी म्हटलं, ‘थांब,’ आणि आधी आत गेले. तुझ्या सांगण्याप्रमाणेच केलं. भूल द्यायच्या आत त्यांना कळलं ते बरं झालं. मनाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, उदासी उतरवणारी गोळी काहींच्या मनाला खालून उचलून थेट पलीकडे भिरकावते. तो आजारच वेगळा, वर-खाली दोन्हीकडे जाणारा. नुसता खाली असताना दिसला तर घरच्यांना कळत नाही, कधी कधी डॉक्टरांनाही नाही. त्याला वेगळं औषध सुरू केलंय. तिसऱ्या दिवशी तो झोपला. एकोणीस तास झोपला. नर्स दर तासाला नाडी बघून जात होती.

मग बाहेर येऊन सुब्रायण्णाला सांगितलं. त्यानं विचारलं, ‘गोळ्या कुणाच्या?’ मी म्हटलं, ‘तुझ्या मुलीच्या.’ तो शेडच्या पायरीवर बसला. ‘कधीपासून?’ ‘जानेवारीपासून.’ ‘आणि तुला कधीपासून माहीत?’ ‘एप्रिलपासून.’ त्यावर तो जे बोलला ते मी लिहिणार नाही. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मी नेलेलं उप्पीट मात्र खात होता, डबा न धुता परत देत होता.

आता माझं. मी तुला एवढी बोलले, त्यातलं निम्मं मला लागू आहे. जुन्या चिठ्ठीवर साठ गोळ्या पाठवल्या त्या मी. का? तर पुन्हा पुन्हा डोक्याला ताप नको म्हणून. गोळ्या कमी पडल्या तेव्हा तू दोन घेतेस असं मीच ठरवलं आणि ओरडत सुटले. तुला विचारलं असतं, ‘घरात अजून कुणाला बरं नाही का?’ तर? तू लिहिलं होतंस ना सगळं, भिंतीकडे तोंड, दोशांचं, भाकऱ्यांचं. मी फक्त गोळ्या मोजल्या. कामतमालकांना सगळं सांगितलं. त्यांनी महिनाभर मला काउंटरवरून काढून गोदामात बसवलंय. योग्य केलं. खोकी बोलत नाहीत, त्यामुळे माझी पंचाईत होतेय.

तू चूक केलीस. मोठी. पण लपवायची वेळ आली तेव्हा लपवली नाहीस, ते पाकीट बापाच्याच हातात दिलंस. ते मी विसरणार नाही.

पण तू स्वतः महिनाभर गोळीशिवाय आहेस. त्याचं काय? सगळं घर सुमुखकडे बघतंय, तुझ्याकडे कोण बघणार?

तुझी अत्ते


नीरकोडल
२४ ऑगस्ट

अत्ते,

अप्पय्या आणि सुमुख परत आल्यावर तीन दिवस मी वाट बघत होते की अप्पय्या ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, ‘चल.’ टेकाडावर गेलो. फणसाखाली नेहमीची सगळी मंडळी. अप्पय्या म्हणाले, ‘उठा सगळे. मुलीला डॉक्टरांशी बोलायचंय.’ भटांचा जावई म्हणाला, ‘काका, माझी मीटिंग आहे.’ अप्पय्या म्हणाले, ‘तुझी मीटिंग रोजच असते.’

मॅडमचा फोन लागला. आधी मी खरंतर एकदाच लावला होता. पाऊण तास बोलले. अप्पय्या खालच्या दगडावर पाठ करून बसले होते, कुणी वर येऊ नये म्हणून. उतरताना त्यांनी एकच विचारलं, ‘दिवाळीनंतर तू दीड महिना पडून होतीस, तेव्हा मी दोनदा फोन केला होता. तू दोन्ही वेळा अभ्यास चाललाय म्हणालीस.’ मी म्हटलं, ‘हो.’ ते म्हणाले, ‘मला तो आवाज खरा वाटला.’  ते अजून मनातून चिडलेत, माझ्यावर, तुझ्यावर, आणि बहुतेक स्वतःवर. आईनं मात्र सगळ्या शेजारणींना सांगून टाकलं की मुलगा झाडावरून पाय घसरून पडला, आणि मुलीला म्हैसूरच्या पाण्याची ॲलर्जी आहे. 

आता सुमुखचं.  सीईटी गेली, वर्ष गेलं. पाय लांब करून ओसरीवर पडलेला असतो, पण भिंतीकडे तोंड नाही, अंगणाकडे असतं. नव्या गोळ्यांनी जड वाटतं, हात थरथरतो, पाणी सांडतं. दर पंधरवड्याला रक्त तपासावं लागतं, शिरसीहून माणूस येतो. आठ दिवसांपूर्वी त्यानं गोळी भिरकावली. म्हणाला, ‘तू दिलीस तेव्हा मी विचारलं का, कशाची? विश्वास ठेवला. आता कुणाच्याच हातची घेणार नाही.’ आई रडायला लागली. अप्पय्या उठले आणि मग पुन्हा बसले.

मी म्हटलं, ‘माझ्या हातची घेऊ नकोस. स्वतः घे. डॉक्टरांचा कागद हा इथं आहे, वाच.’ त्यानं वाचला. दोनदा. मग म्हणाला, ‘तुझा कागद कुठाय?’ मी तोही आणून दिला. तोही वाचला. म्हणाला, ‘आणि तू घेतेस कशावरून? तू तर महिना महिना घेत नाहीस आणि घेतली म्हणतेस.’



तेव्हापासून रोज सकाळी नाश्ता झाला की तो कुबडी आपटून मला हाक मारतो. मी माझं पाकीट घेऊन जायचं. त्याच्यासमोर गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायचं. मग साहेब म्हणतात, ‘आ कर.’ मी आ करते. ‘जीभ वर.’ जीभ वर करते. गालाच्या आतसुद्धा बघतो. काल भटांच्या मुली दही मागायला आल्या होत्या, त्यांच्यादेखत हे झालं. मी चिडून म्हटलं, ‘मी काय ढोर आहे का, दात बघायला?’ तो म्हणाला, ‘ढोरं खोटं बोलत नाहीत.’

मग तो स्वतःची घेतो. आणि आ करून माझ्यासमोर तोंड उघडतो, मी बघेपर्यंत मिटत नाही.

मेदिनी